घाई कुठे करायची, कुठे नाही

मेंदूच्या एमआरआयच्या रिपोर्टात 'स्पेस ऑक्युपाइंग लीजन', म्हणजे जागा अडवणारी गाठ, असे शब्द दिसले की घरातली सगळी माणसं एकदम धावायला लागतात. एक जण गुगल उघडून बसतो, दुसरा मुंबईतल्या मोठ्या डॉक्टरांच्या मेहुण्याचा नंबर शोधतो, तिसरा पाटल्या घेऊन सोनाराकडे निघतो. न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून मी नोकरी संपवली, आणि आताही गल्लीतलं नाही तर गावाकडचं कुणी ना कुणी फिल्मचं पाकीट घेऊन दारात उभं राहतं. आमच्या मोठ्या सिस्टरांनी आम्हा नव्या पोरींना जे शिकवलं, तेच मी त्यांना सांगते. या आजारात लोक भलत्या ठिकाणी घाई करतात आणि जिथे खरी घाई हवी तिथे 'उद्या बघू' म्हणतात.

घाईची जागा आधी सांगते, कारण ती बहुतेक रात्रीच येते. पेशंट नेहमीपेक्षा झोपाळलेला वाटतो, हाक मारली तर उशिरा ओ देतो. पहाटे डोकं ठणकून उलट्या होतात. एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसते, जीभ अचानक जड होते, नाही तर एका बाजूचा हातपाय लुळा पडतो. यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहायची नाही. 108 ला फोन करायचा आणि जिथे न्यूरोसर्जन आहे असं जवळचं हॉस्पिटल गाठायचं. कवटी हाडाची, आतली जागा वाढत नाही. सूज वाढली की मेंदू खाली दाबला जातो आणि श्वास चालवणारा भाग तिथेच खाली असतो. 'दमलेत, झोपू दे त्यांना' म्हणत नातेवाइकांनी रात्र काढली आणि पहाटे पेशंट बेशुद्ध आणला, असं वॉर्डात वारंवार घडायचं.

दुसरी घाईची वेळ फिटची. कुणी आकडी म्हणतं, कुणी झटका. फिट आली की घरात कांदा फोडला जातो, चप्पल हुंगवली जाते, दातांत चमचा कोंबला जातो. चमच्याने दात पडतात आणि बोट घातलं तर बोट चावलं जातं. जीभ घशात जाऊन माणूस मरतो ही समजूत चुकीची आहे. करायचं इतकंच: माणसाला एका कुशीवर वळवा, डोक्याखाली घडी केलेली चादर द्या, आजूबाजूचं टोकदार काही असेल तर बाजूला करा, आणि घड्याळ बघा. हातपाय दाबून धरू नका. पूर्ण भानावर येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर ताबडतोब हॉस्पिटल. जमलं तर घरातल्या एकाने मोबाइलवर व्हिडिओ काढावा. तशा वेळी ते क्रूर वाटतं खरं, पण सुरुवात कोणत्या हाताने झाली, मान कुठे वळली हे त्यात दिसतं आणि डॉक्टरांना त्यातून बरंच कळतं. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो. तो घरात ठेवायचा का, आणि कधी मारायचा, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. फिटच्या गोळ्यांची एकही वेळ चुकवायची नाही, उपास असो की लग्न असो. आणि एकदा फिट येऊन गेलेल्या माणसाने डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी चालवायची नाही, विहिरीत किंवा नदीवर पोहायला जायचं नाही, न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही.

आता स्टिरॉइड. हे जरा नीट ऐका, कारण घोटाळे सगळ्यात जास्त इथेच होतात. डेक्सामेथासोन नावाची छोटी गोळी किंवा इंजेक्शन देतात, वॉर्डात आम्ही तिला नुसतं डेक्सा म्हणायचो. गाठीभोवतीची सूज तिने उतरते. काल जो माणूस डोकं धरून बसला होता तो दोन दिवसांत उठून पोहे मागतो, आणि घरचे म्हणतात, बरा झाला की, कशाला ऑपरेशन! गाठ जागच्या जागी असते, उतरलेली असते फक्त सूज. कितीतरी घरं याच वेळी पेशंटला गावी घेऊन जातात आणि गोळी संपली की तशीच सोडून देतात. ही गोळी एकदम बंद करायची नसते. थोडे दिवस घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं, आणि अचानक तोडली तर रक्तदाब पडतो, सूजही परत चढते. डॉक्टर सांगतील त्या पायऱ्यांनीच ती उतरवायची.

ती घ्यायची जेवणानंतर, रिकाम्या पोटी नको. डोस दोन वेळा असेल तर दुसरा संध्याकाळी उशिरा देऊ नका, रात्रभर डोळा लागत नाही; दुपारी दिला तर चालेल का ते विचारा. साखर वाढते, त्यामुळे मधुमेह नसलेल्याचीही तपासत राहायची. भूक राक्षसासारखी लागते, चेहरा गोल होतो, मांड्या अशक्त होऊन खाली बसलेल्याला उठता येत नाही, तोंडात पांढरा थर येतो. आणि स्वभाव बदलतो. चिडचिड, रडू, कधी उगाचच उत्साह, मध्यरात्री कपाट आवरायला काढणं. हे गोळीचं आहे, माणसाचं नाही, हे सासूला, दिराला आणि विशेषतः मुलांना समजावून सांगा.

एवढं हाताशी असलं की मग थांबा. खरंच थांबा. पेशंट शुद्धीवर आहे, सूज आटोक्यात आहे, फिट थांबल्यात, तर बहुतेक वेळा चार-आठ दिवस विचार करायला मिळतात. कुणी 'आत्ताच्या आत्ता टेबलवर घेतो' म्हणालं तर शांतपणे विचारा: आज नाही केलं तर काय होईल? ज्या डॉक्टरांना खरोखर घाई असते ते कारण फिल्मवर बोट ठेवून दाखवतात. मेंदूतलं पाणी अडलंय, किंवा गाठीत रक्तस्राव झालाय, किंवा नजर जातेय. असं कारण असेल तर मात्र एक तासही दवडू नका.

रिपोर्टातल्या त्या शब्दांनी अजून काही ठरलेलं नसतं. गाठ म्हणजे कॅन्सरच, हे डोक्यातून काढा. आपल्या देशात मेंदूतली गाठ क्षयाची निघते, फितीसारख्या जंताच्या अळीची निघते, पुवाची निघते. त्यांची औषधं वेगळी आहेत आणि त्यातून माणसं बरी होतात. ट्यूमरच असला तरी त्याचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. मेंदूच्या आवरणातून वाढणारा मेनिन्जिओमा बहुतेक वेळा साधा असतो, बायकांत जास्त दिसतो, आणि लहान असेल तर डॉक्टर दर वर्षी नुसता स्कॅन करून लक्ष ठेवतात. पिट्युटरीची गाठ पुष्कळदा नाकातून काढता येते. दुसऱ्या टोकाला ग्लायोब्लास्टोमा, जो चौथ्या ग्रेडचा. कधी गाठ मेंदूची नसतेच, फुप्फुसातला किंवा स्तनातला कॅन्सर तिथे पोचलेला असतो, म्हणून छातीचा आणि पोटाचा स्कॅन सांगितला तर 'पैसे उकळायचे धंदे' म्हणू नका. आमच्या हिंदी सिनेमाने ब्रेन ट्यूमर म्हणजे शेवटच्या रिळात मरणारा हीरो असं करून ठेवलंय. आमच्या वॉर्डातून टाके काढून स्वतःच्या पायांनी घरी जाणारी माणसंही रोज असायची.

एक वही करा. शंभर पानी, जाड पुठ्ठ्याची. मोबाइलमध्ये नको, कारण पेशंटजवळ रात्री जो बसेल त्याच्या हातात ती असायला हवी. तारीख, कोणतं औषध किती वाजता, फिट आली तर किती मिनिटं, साखर किती, डॉक्टर काय म्हणाले, कुणी म्हणाले. शेवटच्या पानांवर प्रश्न लिहीत जा. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात आणि समोर गेल्यावर सगळं विसरायला होतं. माझ्या मते पहिल्या भेटीत हे विचारायला हवं: गाठ कोणत्या भागात आहे आणि तिथून काय काय चालतं? पूर्ण काढता येईल की थोडी ठेवावी लागेल? बोलणं, हात, नजर यांतलं काय धोक्यात आहे? तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? शेवटचा प्रश्न विचारायला लोक कचरतात. चांगल्या सर्जनला त्याचा राग येत नाही. भेटीला दोघांनी जा, एकाने ऐकायचं, एकाने लिहायचं.

एमआरआयच्या फिल्मबरोबर सीडी मागून घ्या. फिल्मवर थोडीच चित्रं असतात, सीडीत सगळी. घरी दोन प्रती करून ठेवा. मूळ कागद कुणाकडेही, अगदी 'साहेबांना दाखवून परत देतो' म्हणणाऱ्या भाऊजींकडेही, सोडू नका.

दुसरं मत घेण्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नसतो. दोन मतं पुरतात. पाच घेतलीत तर पाच दिशांना ओढले जाल. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज, इथे न्यूरोसर्जरीचे विभाग आहेत आणि तिथले सर्जन रोज तेच काम करतात. गर्दी आहे, भिंतींचा रंग उडालाय, पण हात सरावलेला आहे. कॅन्सरची शंका असेल तर टाटा मेमोरियल, 1941 पासून परळला उभं असलेलं, आणि त्याचंच खारघरचं अ‍ॅक्ट्रेक. मुंबईला धावायच्या आधी घरबसल्या मत हवं असेल तर कागदपत्रं पाठवून 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून टाटाच्या तज्ज्ञांचं मत मागवता येतं. लातूर-गडचिरोलीच्या माणसाचा एक अख्खा प्रवास त्याने वाचू शकतो.

पैशाच्या बाबतीत घाई करायची ती अर्जाची. जमीन विकायची करू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कोणत्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं कवच आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात दाराजवळच आरोग्यमित्राचं टेबल असतं. भरती व्हायच्या आधी त्याच्याकडे जा, रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते बघा. नावात एका अक्षराचा फरक असला तरी मंजुरी अडते. ऑपरेशनला आधी मंजुरी लागते, म्हणून 'आधी रोख भरू, मग परत घेऊ' या भरवशावर राहू नका. चौकशीचा नंबर 155388. हॉस्पिटल योजनेत नसेल पण धर्मादाय ट्रस्टचं असेल, तर कायद्याने तिथल्या 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. काचेच्या इमारतीतली काही पंचतारांकित हॉस्पिटलंही यात येतात, तिथे कुणी आपणहून सांगत नाही. मेडिकल सोशल वर्करला शोधा, उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही ऑपरेशनच्या आधी टाका. कॅन्सरचं निदान झालेल्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टियर एसीचं तिकीट माफ आहे, सोबत्याला 75 टक्के सूट. फॉर्म हॉस्पिटलातून भरून घ्यावा लागतो. मुंबईत राहायचं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन यांची चौकशी पहिल्याच दिवशी करा. हॉस्पिटलची चिठ्ठी लागते आणि जागा लगेच मिळेलच असं नाही.

आता जी गोष्ट कुणालाच बोलावीशी वाटत नाही. सह्या. गाठ मेंदूत आहे. आज जो माणूस झोकात सही करतोय, त्याला महिन्याने स्वतःचं नाव लिहिता येईलच असं नाही. म्हणून बँकेची खाती दोघांच्या नावावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' करा, सगळीकडे नॉमिनी तपासा, विमा, पीएफ, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मोबाइलचा आणि यूपीआयचा पिन. मुखत्यारपत्र करून निर्धास्त होऊ नका. देणाऱ्याचं भानच गेलं तर आपल्या कायद्यात त्याचा अधिकार संपतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी. मृत्युपत्र करायचं असेल तर साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर होतं, स्टॅम्प लागत नाही. त्या दिवशी शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला तर पुढे भावाभावांत कोर्टकचेऱ्या कमी. 'असं अभद्र कशाला बोलता' असं कुणी तरी म्हणणारच. म्हणू दे. खातं एकट्याच्या नावावर राहिलं म्हणून घरात पैसा असून औषधासाठी उसनवारी करणारी बाई मी पाहिलेली आहे.

आणि हे सगळं पेशंटपासून लपवून कसं करणार? 'त्यांना सांगू नका हं सिस्टर, ते खचतील', हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की नातेवाइकाने तोंड उघडायच्या आधीच मला ते कळायचं. मी या लपवाछपवीच्या विरुद्ध आहे. डोकं त्याचं आहे, चिरा त्याच्या कपाळावर पडणार आहे, आणि तो शुद्धीत असेल तर संमतीवर सहीही त्यानेच करायची असते. शिवाय त्याला कळतंच. दाराबाहेर चाललेली कुजबुज, बहिणीचे सुजलेले डोळे, अचानक सुट्टी काढून आलेला पुण्याचा मुलगा. मग तो तुमच्यासाठी न कळल्याचं नाटक करतो आणि तुम्ही त्याच्यासाठी. सगळं एका दिवशी ओतायची गरज नाही. आधी विचारा, तुम्हाला कितपत जाणून घ्यायचंय? काही जण म्हणतात, सगळं सांगा. काही म्हणतात, माझ्या बायकोशी बोला. दोन्ही बरोबर. आकडे मात्र त्याने विचारल्याशिवाय सांगू नका. मुलांना साध्या शब्दांत सांगा: बाबांच्या डोक्यात गाठ झालीय, ती कुणाला लागत नाही, आणि तुम्ही दंगा केलात म्हणून ती झालेली नाही. हे शेवटचं आवर्जून सांगा. मुलं ते मनात धरून बसतात आणि विचारत नाहीत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या घरी उतरवून ठेवा. एमआरआयच्या वेळीही तेच, आणि अंगात पेसमेकर किंवा जुनी धातूची क्लिप असेल तर आधी सांगायचं. केसांचं म्हणाल तर हल्ली बरेच सर्जन टाक्यापुरतीच पट्टी भादरतात. आपल्याकडे बाईचं डोकं भादरणं म्हणजे काय काय मनात येतं ते मला सांगायला नको, म्हणून आधी विचारून घ्या आणि तिला आधी सांगा. ऑपरेशननंतर चेहरा आणि डोळा सुजतो, काळानिळा होतो. काही दिवसांत ते उतरतं. मुलांना भेटायला आणायची घाई नको.

काढलेला तुकडा तपासायला जातो आणि रिपोर्टला आठ-पंधरा दिवस लागतात, जनुकांच्या तपासणीला आणखी. हे दिवस फार वाईट. यात तुम्ही एकच काम करा: तुकड्याच्या मेणातल्या वड्या आणि काचपट्ट्या, म्हणजे ब्लॉक आणि स्लाइड, कुठे आहेत ते विचारून ठेवा. दुसऱ्या हॉस्पिटलात उपचार घ्यायचे तर तिथे त्या मागतातच. रिपोर्टात ग्रेड असतो, एक ते चार. आयडीएच, एमजीएमटी, 1पी-19क्यू अशी नावंही दिसतील. त्यावरून कोणतं औषध लागू पडेल आणि गाठ किती हट्टी आहे याचा अंदाज येतो, तेव्हा या तपासण्या केल्या का, हे विचाराच. गुगलवर ग्लायोब्लास्टोमापुढे 14.6 महिने असा आकडा सापडेल. तो 2005 साली छापून आलेल्या अभ्यासातला मधला आकडा आहे. निम्मी माणसं त्याहून जास्त जगली आणि त्या उपचारावरचे चारांतले एक दोन वर्षांनंतरही होते. तुमचा माणूस कोणत्या निम्म्यात, हे तो आकडा सांगत नाही.

शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा तर जोरकस गाठींना साधारण सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस. चेहऱ्यावर जाळीचा साचा बसवून डोकं स्थिर ठेवतात, घुसमटल्यासारखं वाटतं; पहिल्या दिवशी कुणीतरी बोलकं माणूस सोबत द्या. दोन-तीन आठवड्यांनी शेक दिलेल्या जागेचे केस जातात. तिथे तेल चोळायचं नाही, बाम लावायचा नाही. आजीला हे सांगून ठेवा, ती खोबरेल घेऊन बसलेलीच असते. टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाची कॅप्सूल रिकाम्या पोटी, उलटीची गोळी अर्धा तास आधी. कॅप्सूल उघडून पाण्यात कालवू नका, आणि उलटी झाली तर मनानेच दुसरी देऊ नका. ठरल्या दिवशी रक्त तपासायचंच. किमतीत कंपनीगणिक मोठा फरक असतो. हॉस्पिटलच्या औषध दुकानात जेनेरिक विचारा.

आता जे सगळ्यात जड जातं ते. माणूस बदलतो. कपाळामागच्या भागात गाठ असेल तर आयुष्यभर मोजकं बोलणारा मास्तर शिव्या देतो, नाही तर शिस्तीचा माणूस दिवसभर भिंतीकडे बघत बसतो, अंघोळीला ऊठ म्हटलं तरी हलत नाही. घरच्यांना तो माज किंवा आळस वाटतो. वाद घालून उपयोग नाही. समजावणारा भागच आजारी आहे. एका वेळी एकच सूचना द्या, पर्याय दोनच द्या, टीव्ही बंद करून बोला, संध्याकाळी महत्त्वाचं काही काढू नका. उजव्या बाजूला मागे गाठ असेल तर माणसाला डावं जगच दिसेनासं होतं. ताटातली भाजी संपते आणि डावीकडचं मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर तशीच राहते. बायको म्हणते, माझ्या हातची कोशिंबीर आवडेनाशी झाली. ताट फिरवून द्या, खाईल. चौकटीवर डावा खांदा आपटत असेल तर तेही यातलंच. डाव्या बाजूच्या गाठीत शब्द जातात. 'पाणी' म्हणायचं असतं आणि तोंडून 'चप्पल' येतं, मग माणूस रडतो. चुका दुरुस्त करत बसू नका, खुणेने विचारा. गंमत म्हणजे बोलता न येणारी माणसं कधी कधी आरती पूर्ण म्हणतात, रामरक्षा म्हणतात, एक ते वीस मोजतात. पाठ झालेलं वेगळ्या वाटेने येतं. स्पीच थेरपिस्ट त्याचा वापर करून घेतात. त्यांना आणि फिजिओला लवकर गाठा, टाके निघायची वाट पाहू नका.

झाडपाल्याचं, काढ्याचं, लांबच्या गावच्या वैद्याचं काय, असं विचारतातच. जे काही द्याल ते डॉक्टरांना सांगून द्या, कारण काही गोष्टी फिटच्या औषधाशी आणि यकृताशी भांडतात. नवस करा, अंगारा लावा, माझी हरकत नाही. ऑपरेशन रद्द करून मात्र कुठेही जाऊ नका. आणि भेटायला येणाऱ्यांची एक वेळ ठरवा. फोन घ्यायला एकच माणूस नेमा, तोच सगळ्यांना कळवेल. 'आमच्या शेजाऱ्यांनाही हेच होतं, सहा महिन्यांत गेले' असं सांगणाऱ्यांना चहाही देऊ नका.

जो सेवा करतो त्याची आठवड्यातून एक रात्र तरी दुसऱ्याने घ्यावी. बहुधा ती बायको असते, नाही तर सून. भाऊ म्हणतात, काही लागलं तर सांग. ती सांगत नाही. तुम्ही विचारू नका, वार ठरवा: मंगळवार माझा, शनिवार तुझा.

उपचारानंतरच्या पहिल्या स्कॅनबद्दल एक सावधगिरी. शेक संपल्यावर पहिल्या तीन महिन्यांत सुजेमुळे गाठ वाढल्यासारखी दिसू शकते आणि नंतर आपोआप उतरते. कधी ती खरोखर वाढलेली असते. एका फिल्मवरून हे तज्ज्ञांनाही पुष्कळदा ठरवता येत नाही. म्हणून ते पाकीट रिक्षात बसून फोडू नका, डॉक्टरांसमोरच उघडा.

गाठ परत वाढली, आणि डॉक्टर म्हणाले की आता आणखी ऑपरेशनात अर्थ नाही, तर त्याला 'हात वर केले' समजू नका. त्या दिवशी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांची भेट मागा. खरं तर ती निदानापासूनच मागता येते. डोकेदुखी, फिट, गिळताना लागणारा ठसका, रात्रीची तळमळ, या सगळ्यावर त्यांच्याकडे औषध असतं, आणि बरंचसं घरीच देता येतं. मॉर्फिन म्हटलं की लोक दचकतात. डॉक्टरांच्या मापाने वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनची भीती बाळगायचं कारण नाही. शेवटी कुठे राहायचंय, घरी की हॉस्पिटलात, हे त्याला बोलता येतंय तोवर त्याला विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. तो 'घरी' म्हणाला असेल तर व्हेंटिलेटरचा निर्णय त्या रात्री कॉरिडॉरमध्ये उभं राहून घेऊ नका, आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. आणि अडलं तर आपल्या हॉस्पिटलातल्या सिस्टरना विचारा. आम्हाला विचारलेलं आवडतं.